पतीच्या नोकरीवरची टांगती तलवार आणि ख्रिस्ती पत्नीचा विश्वास

न्यू जर्सीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर आणि सासर दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले, दोन्ही घराणी काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. पती एच-१बी व्हिसावर नोकरी करतात, त्या स्वतः एच-४ वर, म्हणजे अशा नोकरदाराच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर आहेत आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. पतीच्या कंपनीत नोकरकपात सुरू झाल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडू लागते, आणि शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपचा उजेड दाराच्या फटीतून दिसला की ‘तो मेल आला असेल का’ एवढा एकच विचार डोक्यात राहतो. चर्चमधल्या स्त्रियांच्या गटात त्यांनी हे बोलून दाखवले, तेव्हा कशाचीही चिंता करू नये हे वचन त्यांना वाचून दाखवण्यात आले, आणि तेव्हापासून भीतीच्या जोडीला अपराधीपणाही आला. ख्रिस्ती पत्नी घराचा आधार असायला हवी, मी मात्र पतीसमोर हसते आणि बाथरूमचा नळ सोडून रडते, असे त्या लिहितात. मुलांना घेऊन काही महिने नगरला जाऊन राहावे काय, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

तुम्हाला जे वचन वाचून दाखवले गेले ते फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले आहे आणि ते खरे आहे. परंतु ते लिहिणारा प्रेषित पौल स्वतः भीतीपासून अलिप्त होता, असे समजू नका. फिलिप्पै हे शहर मासेदोनियात होते, आणि त्याच मासेदोनियात आल्यावर आपल्या जिवाला स्वस्थता कशी ती मिळाली नाही, बाहेर भांडणे होती आणि आत भीती होती, हे पौलानेच करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. त्याच्या पुढचे वाक्य तुम्ही आवर्जून वाचावे. देवाने त्याचे सांत्वन कसे केले, तर तीत या त्याच्या सहकाऱ्याच्या येण्याने. आकाशवाणी झाली नाही, दर्शन घडले नाही; एक ओळखीचा माणूस दारात आला, आणि त्या येण्यालाच पौल देवाने दिलेले सांत्वन म्हणतो. ज्या प्रेषिताने चिंता करू नका असे शिकवले, त्याला भीती वाटली, त्याने ती मंडळीला कळवली आणि माणसाच्या सोबतीने त्याला धीर आला, हे तिन्ही एकाच पवित्र शास्त्रात आहे. त्यामुळे भीती वाटणे हा तुमच्या विश्वासातला दोष आहे, ही समजूत आधी मनातून काढून टाका. त्या भगिनींचा हेतू चांगलाच असेल, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात वचन ठेवून निघून जाणे पुरेसे नसते, त्याच्याजवळ बसावे लागते.

ख्रिस्ती पत्नीविषयी बोलताना आपल्याकडे पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय हमखास काढला जातो. तुम्ही चांगले करीत राहिलात आणि कोणत्याही भयाने घाबरून गेला नाहीत तर तुम्ही अब्राहामाची पत्नी सारा हिच्या मुली झाला आहात, अशा अर्थाचे त्यात सांगितले आहे. हे पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या, परक्या मुलखात उपरे म्हणून राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांनाच, हे सहसा कोणी लक्षात आणून देत नाही. आणि सारेची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात दुष्काळामुळे हे जोडपे मिसर देशात जाते. तिथे भीती वाटते ती अब्राहामाला. बायको देखणी आहे, तिच्यापायी हे लोक मला मारून टाकतील, या धास्तीने तो तिला आपली बहीण म्हणवून घ्यायला लावतो, आणि परिणामी तिलाच फारोच्या घरात नेले जाते. तिथून तिला सोडवतो तो परमेश्वर. विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणून ज्याला आपण मान देतो तोही परदेशात पोटापाण्यासाठी गेल्यावर घाबरला, आणि त्या भीतीतून त्याने घेतलेल्या निर्णयाची किंमत पत्नीला मोजावी लागली. सारेचे धैर्य पतीच्या धैर्यावर उभे नव्हते. पती डळमळला तेव्हाही जो तिच्या पाठीशी होता त्याच्यावर ते उभे होते. पेत्राचे वचन मला तरी असे समजते, आणि तुमच्या परिस्थितीत त्याचा अर्थ फार व्यावहारिक आहे: अमेरिकेतला तुमचा मुक्काम पतीच्या व्हिसावर अवलंबून असला, तरी देवासमोरची तुमची जागा तशी नाही. पतीची नोकरी टिकली तर तुमची प्रार्थना ऐकली गेली आणि गेली तर नाही, असा हिशेब मांडू नका.

असा स्वतःचा विश्वास एका रात्रीत येत नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच नगरमध्ये आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या स्त्रीचे सगळे स्थानच पतीवर अवलंबून होते आणि तो आधार एका दिवसात निसटला. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या नगरला टिळकांजवळ येऊन राहू लागल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवली होती. पती म्हणतो म्हणून त्यांनी आपली श्रद्धा बदलली नाही. रोजच्या जगण्यातून आणि स्वतःच्या विचारातून त्यांची एकेक भीती गळत गेली आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या भीतीला जो वेळ मिळाला तो तुम्हीही स्वतःला द्या. आपल्याला विश्वास घरातून आयता मिळाला, आणि आयत्या मिळालेल्या गोष्टीची कसोटी घरापासून दूर गेल्यावरच लागते.

आता पतीशी बोलण्याविषयी. तुम्ही त्यांच्यापासून रडणे लपवता आणि ते तुमच्यापासून जागरण लपवतात. एका छपराखाली दोघे एकेकटे घाबरलेले आहात. तुमच्या घरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होत असेल तर मुले झोपल्यावर तिला दहा मिनिटे जोडा, आणि त्या वेळात दोघांनी आपापली एक भीती एका वाक्यात देवासमोर मोठ्याने सांगावी. ‘प्रभू, आमच्या गरजा पुरव’ असे मोघम बोलू नका. ‘प्रभू, एक तारखेचे भाडे आणि धाकट्याच्या दम्याचे औषध यांची मला भीती वाटते’ असे नाव घेऊन बोला. छप्पन्नावे स्तोत्र याच पद्धतीचे आहे: गथ येथे पलिष्ट्यांच्या हाती सापडलेला दावीद मला भीती वाटते आणि मी तुझ्यावर भरवसा ठेवतो, हे दोन्ही एकाच ओळीत म्हणतो. पतीने काही सांगितले तर लगेच उपाय सुचवू नका आणि वचनही सांगू नका, ऐकून घ्या. मराठीतच प्रार्थना करा. रविवारी इंग्रजी उपासनेत तुम्ही कितीही सहजपणे सहभागी होत असलात, तरी घाबरलेले मन ज्या भाषेत लहानपणी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही’ शिकले, त्या भाषेत लवकर मोकळे होते.

प्रार्थनेनंतर दिवसाउजेडी कागद काढा. कपाटातली आय-७९७ ही मंजुरीची नोटीस आणि आय-९४ ही देशातल्या प्रवेशाची नोंद यांच्यावरच्या तारखा तपासा, कारण देशात राहण्याची मुदत आय-९४ वर ठरते, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यावर नाही. नोकरी गेल्यास एच-१बी धारकाला आणि त्याच्या कुटुंबाला साधारणतः कमाल ६० दिवसांची मुभा असते, आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्या काळात नव्या मालकाने अर्ज दाखल करणे, किंवा दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करणे, किंवा परत निघणे, असे मार्ग असतात. पतीचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला असेल तर २०१५ च्या नियमानुसार तुम्हालाही काम करण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. तो अजून केला नसेल तर आजच विचारणा करा. कंपनी वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांची असेल तर नोकरी सुटल्यावरही कोब्रा कायद्याखाली आरोग्यविमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, मात्र हप्ता बहुधा पूर्ण स्वतःच्या खिशातून भरावा लागतो आणि त्याची निवड ६० दिवसांत कळवावी लागते. हे सर्व वकिलाकडून पक्के करून घ्या, कारण नियम बदलतात. पैशांचा अंदाजही मांडा: भाडे, किराणा, गाडीचा हप्ता, विमा, आणि हातातली शिल्लक किती महिने पुरेल. पहाटे तीनला जी भीती अमर्याद वाटते ती दुपारी कागदावर काही ठरावीक रकमा आणि तारखा होऊन उतरते, आणि त्यांच्याविषयी नीट प्रार्थनाही करता येते. नियोजन करणे म्हणजे अविश्वास, असे मला मुळीच वाटत नाही.

सासूबाईंना सांगावे की नाही, अशीही तुमची घालमेल दिसते. सांगा, पण नुसती बातमी म्हणून नको. उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा अहिल्यानगरला सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि आपल्याकडच्या वडीलधाऱ्या स्त्रिया त्या वेळी बहुधा बायबल घेऊन बसलेल्याच असतात. आठवड्यातून दोनदा फोनवर त्यांच्यासोबत एक स्तोत्र वाचा. त्या काळजी करतील हे खरे, पण मुलाच्या घरी काय चालले आहे हे बाहेरून कळण्यापेक्षा सुनेबरोबर प्रार्थना करणे त्यांना अधिक मानवेल. मंडळीतही सगळ्या गटासमोर पुन्हा बोलायची गरज नाही. जी ऐकून घेते अशी एकच भगिनी निवडा आणि तिला विशिष्ट गोष्टीसाठी प्रार्थना करायला सांगा.

छातीतली धडधड आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक चालला असेल तर डॉक्टरांकडे जा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या विकारावर उपायही सुचवला होता. औषध घेणे किंवा समुपदेशकाकडे जाणे यात विश्वासाला कमीपणा येत नाही. जीव नकोसा वाटू लागला तर क्षणभरही न थांबता ९८८ या अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंध मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करा.

हे पत्र वाचणाऱ्या काही भगिनींची भीती मात्र वेगळी असेल, आणि त्यांच्यासाठी वरचा बहुतेक सल्ला लागू नाही. भीती पतीचीच असेल, तो हात उगारत असेल, पासपोर्ट लपवून ठेवत असेल, परत पाठवण्याची धमकी देत असेल, तर प्रार्थना करून सहन करत राहा असे कोणीही सांगितले, अगदी पाळकांनी सांगितले, तरी ते मानू नका. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी पतीने पत्नीवर करावी, ही इफिसकरांस पत्रातली आज्ञा पतीला आहे, आणि ती मोडणाऱ्याच्या हाताखाली राहणे म्हणजे अधीनता नव्हे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार मदतवाहिनीचा क्रमांक १-८००-७९९-७२३३ आहे, आणि अशा छळाला तोंड देणाऱ्या एच-४ पत्नीला स्वतंत्रपणे कामाच्या परवानगीसाठी अर्ज करण्याची तरतूदही कायद्यात आहे.

राहिला नगरला जाण्याचा प्रश्न. जाणे म्हणजे पळून जाणे नव्हे, आणि राहणे म्हणजेच विश्वास असेही नाही. पण तिकिटे काढण्याआधी वकिलाला एक गोष्ट विचारा: तुम्ही भारतात असताना पतीची नोकरी गेली तर तुमच्या एच-४ व्हिसावर परत येता येणार नाही, आणि शिक्क्याची मुदत संपली असेल तर नव्याने मुलाखतीचीही वेळ येऊ शकते. शिवाय सध्या पतीला तुमची आणि मुलांची सोबत किती हवी आहे, हे त्यांना अजून कोणी विचारलेले नाही. म्हणून हा निर्णय पहाटे तीनला आणि एकटीने घेऊ नका. या शनिवारी कागद पुढे घेऊन दोघे बसा, मुलांच्या शाळेचे वर्ष कधी संपते ते पाहा, प्रार्थना करा आणि मग जे ठरेल ते सासू-सासऱ्यांना दोघांनी मिळून एकाच फोनवर कळवा.