वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा पिनबॉल

चित्रपटांत आणि मालिकांत दिसणाऱ्या वस्तूंविषयी वाचक वरचेवर विचारतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे पिनबॉलच्या, म्हणजे काचेखालच्या उतरत्या पटावर पोलादी गोळी खेळवण्याच्या यंत्राविषयी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात काही वर्षांपूर्वी फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांचा ‘विव्र सा वी’ पाहिला. पहिल्याच प्रसंगात नवरा-बायको कॅफेत बराच वेळ आपल्याकडे पाठ करून कडवट बोलत बसतात आणि मग उठून चक्क पिनबॉल खेळू लागतात. त्या काळातल्या युरोपीय आणि अमेरिकी चित्रपटांत हे यंत्र इतक्या वेळा का दिसते? ती केवळ सजावट असते का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काही अंशी ते केवळ वास्तव आहे. पन्नास-साठच्या दशकांत पॅरिसच्या कॅफेंमध्ये पिनबॉल ही नित्याची वस्तू होती आणि स्टुडिओ सोडून खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या कॅफेंत चित्रीकरण करणाऱ्या गोदार यांच्या पिढीला ती आयतीच मिळाली. मात्र आपण सांगितलेल्या प्रसंगात तिचा उपयोग विचारपूर्वक केलेला आहे. १९६२ सालच्या या चित्रपटाची नायिका नाना नवऱ्याला, पॉलला, सोडून निघाली आहे, तिला अभिनेत्री व्हायचे आहे, आणि त्याच्याशी बोलण्यासारखे जे काही होते ते बोलून झाले आहे. अशा दोन माणसांना एकमेकांकडे न पाहता शेजारी उभे राहायला काहीतरी निमित्त लागते आणि ते यंत्र नेमके तेवढेच निमित्त पुरवते. त्यांचे भांडण मिटत नाही आणि वाढतही नाही. दोघांच्या हातांना फक्त काम मिळते.

याला एक तांत्रिक कारणही आहे. पिनबॉलचा खेळ चित्रित करणे अवघड असते. पट काचेखाली असतो आणि खेळणाऱ्याकडे उतरता असतो. सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी इतक्या वेगाने धावते की लांबून ती दिसत नाही, आणि जवळून कॅमेरा तिच्यामागे फिरू लागला तर प्रेक्षकाला पटाचा अंदाज राहत नाही. म्हणून जाणता दिग्दर्शक गोळीचा नाद सोडतो आणि खेळणाऱ्याचा चेहरा धरतो. तो चेहरा खालून येणाऱ्या दिव्यांनी उजळलेला असतो, त्याला आपण पाहिले जात असल्याचे भान नसते, आणि यंत्राच्या मागे कॅमेरा ठेवला की तो समोरून मिळतो. माझ्या मते पिनबॉल असलेल्या चांगल्या आणि सुमार प्रसंगांतला फरक बहुतेक वेळा इथेच असतो : सुमार प्रसंगात गोळी दिसते, चांगल्या प्रसंगात माणूस दिसतो.

अमेरिकी चित्रपटांत या यंत्राला आणखी एक छटा आहे, ती बदनामीची. विल्यम सारोयान यांच्या १९३९ सालच्या ‘द टाइम ऑफ युवर लाइफ’ या नाटकात (त्यावर १९४८ मध्ये चित्रपटही निघाला) सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरालगतच्या दारूच्या गुत्त्यात विली नावाचा एक तरुण सबंध नाटकभर या यंत्राशी झुंजत असतो. तेव्हाच्या यंत्राला फ्लिपर, म्हणजे बटण दाबून गोळी पुन्हा वर उडवणारे दांडे, नव्हते; स्प्रिंगचा दट्ट्या ओढून गोळी सोडायची आणि पेटीला हलकेच धक्के देत नशिबाची वाट पाहायची, एवढेच खेळणाऱ्याच्या हाती होते. म्हणूनच सरकारी दृष्टीने हा खेळ जुगारात मोडत असे. १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी त्यावर बंदी घातली आणि पोलिसांनी जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली. ही बंदी उठायला १९७६ साल उजाडले. रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या समितीसमोर, गोळी कोणत्या मार्गाने जाईल हे आधी सांगून तशीच मारून दाखवली आणि हा कौशल्याचा खेळ असल्याचे पटवून दिले. या घटनेवर ‘पिनबॉल : द मॅन हू सेव्ह्ड द गेम’ हा चित्रपट २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आहे, तो जरूर पाहावा.

इतका दीर्घ काळ जे यंत्र गुत्त्यांत आणि मागच्या खोल्यांत राहिले, ते पडद्यावर आले की सोबत ती जागाही येते. ‘द अक्यूज्ड’ या १९८८ सालच्या चित्रपटात जोडी फॉस्टरच्या व्यक्तिरेखेवर बारमधल्या मागच्या खोलीत पिनबॉलच्या यंत्रावरच सामूहिक अत्याचार होतो. ज्या खऱ्या घटनेवरून चित्रपट सुचला तिथे बिलियर्ड्सचे टेबल होते, म्हणजे यंत्र चित्रपटकर्त्यांनी निवडलेले आहे. गंमत अशी की त्याच वर्षीच्या ‘बिग’मध्ये एका रात्रीत मोठा झालेला मुलगा आपल्या घरात हौसेने पिनबॉल आणून ठेवतो आणि तिथे ते निव्वळ खेळणे असते. बारा वर्षांपूर्वी उठलेल्या बंदीनंतर यंत्र घरात येऊ लागले होते. बारमधली त्याची जागा मात्र प्रेक्षक विसरले नव्हते.

प्रश्न : ‘टॉमी’ या चित्रपटातला आंधळा, बहिरा आणि मुका मुलगा पिनबॉलचा अजिंक्य खेळाडू होतो, हे शक्य आहे का? त्यातली यंत्रे खरी होती का? एल्टन जॉनचे चित्र असलेले यंत्र विकले जात असे, असे माझा मुलगा म्हणतो.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या चिरंजिवांचे म्हणणे खरे आहे. पण आधी ही कथा पिनबॉलपर्यंत कशी आली ते पाहू, कारण त्यातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा ‘टॉमी’ हा ध्वनिमुद्रिकांचा संच १९६९ मध्ये निघाला. तो जवळजवळ तयार असताना पीट टाउनशेंड यांनी तो निक कोन या समीक्षकाला ऐकवला. त्याला तो फारच गंभीर वाटला. कोन हा पिनबॉलचा षौकीन होता, हे जाणून टाउनशेंड यांनी टॉमीला पिनबॉलचा खेळाडू केले आणि ‘पिनबॉल विझार्ड’ हे गाणे लिहिले. म्हणजे पिनबॉल या कथेत काहीसा उशिरा आणि समीक्षकाची मर्जी राखण्यासाठी शिरला. त्यामुळे टॉमी कसा खेळत असेल याचा हिशेब करण्यात फारसे हशील नाही. तरीही सांगायचे तर, गोळी बंपरवर, म्हणजे तिला उलट उडवणाऱ्या पटावरच्या खुंट्यावर, आदळली की पेटीला बसणारा हादरा तळहाताला नक्की जाणवतो. पण फ्लिपरकडे शांतपणे घरंगळत येणाऱ्या गोळीची चाहूल केवळ हातांना लागणे कठीण आहे, आणि खरा खेळ तर त्या क्षणीच असतो.

केन रसेल यांच्या १९७५ सालच्या चित्रपटात टॉमीच्या भूमिकेत रॉजर डाल्ट्री आहे आणि अवाढव्य बूट घातलेला एल्टन जॉन त्याचा प्रतिस्पर्धी आहे. दोघांचीही यंत्रे खरी, गॉटलीब कंपनीची आणि १९६५ सालची होती : टॉमीसमोर ‘किंग्ज अँड क्वीन्स’, तर एल्टन जॉनसमोर पियानोच्या पट्ट्या जोडलेले ‘बकरू’. चित्रपट गाजल्यावर बॅली कंपनीने १९७५ मध्ये ‘विझार्ड!’ आणि १९७६ मध्ये एल्टन जॉनचे चित्र असलेले ‘कॅप्टन फँटास्टिक’ बाजारात आणले. पहिल्याची दहा हजारांहून अधिक आणि दुसऱ्याची सोळा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली.

तेव्हापासून हा प्रवाह उलट दिशेने, म्हणजे चित्रपटांकडून यंत्रांकडे, अधिक जोरात वाहिला. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’वरील यंत्रात दट्ट्याच्या जागी पिस्तुलाचा चाप आहे आणि आवाज खुद्द श्वार्झनेगरचा आहे. ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ या चित्रपटावर १९९२ मध्ये पॅट लॉलर यांनी रचलेल्या यंत्रासाठी राउल हुलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांनी संवाद खास ध्वनिमुद्रित केले, आणि त्याच्या २०,२७० प्रती विकल्या गेल्या. यंत्र म्हणून ते इतके सरस आहे की चित्रपट न पाहिलेले लोकही त्यावर तासन् तास खेळतात.

प्रश्न : एका जुन्या जपानी चित्रपटात भिंतीला लावलेले, उभे पिनबॉल पाहिले. हा त्यातलाच प्रकार आहे का?
— एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : ते पाचिंको. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत मुले खेळत असत त्या खिळे ठोकलेल्या लाकडी बगाटेलशी दोन्ही खेळांचे नाते आहे, पण पाचिंकोचा पट उभा असतो, गोळ्या बारीक आणि ढीगभर असतात, आणि जिंकलेल्या गोळ्यांच्या बदल्यात बक्षीस मिळते. ओझू यांच्या ‘द फ्लेवर ऑफ ग्रीन टी ओव्हर राइस’ (१९५२) या चित्रपटात पाचिंकोचे दुकान युद्धातून परतलेला एक माजी सैनिक चालवतो. विम वेंडर्स यांच्या ‘टोक्यो-गा’ (१९८५) या माहितीपटातही ही दुकाने सविस्तर दिसतात.

प्रश्न : अमेरिकेतल्या नातीकडे गेले असता सुनेने स्वतःच्या लहानपणीच्या कार्यक्रमातले आकड्यांचे गाणे दाखवले. त्यात एक गोळी पिनबॉलच्या यंत्रातून अद्भुत प्रदेशांत फिरते. हे काय आहे?
— एक वाचिका, बाणेर

उत्तर : ‘सेसमी स्ट्रीट’ या मालिकेतील हा ‘पिनबॉल नंबर काउंट’. सत्तरच्या दशकात जेफ हेल यांनी ही चलच्चित्रे केली आणि ती पॉइंटर सिस्टर्स या भगिनींनी गायली. दोनपासून बारापर्यंत प्रत्येक आकड्यासाठी एक, असे अकरा भाग आहेत. एकाचा भाग केलेलाच नाही. गोळीचे चित्रीकरण अवघड असते असे मी वर म्हटले, पण चितारलेल्या गोळीला ती अडचण नाही, आणि गोळीच्या मागे धावणारा कॅमेरा मला मनापासून आवडला तो इथेच.

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी मिळून लघुपट करत आहोत. रत्नागिरीचा एक खलाशी १९७२ मध्ये हँबुर्गच्या बारमध्ये पिनबॉल खेळतो, असा प्रसंग आहे. पुण्यातच सेट लावणार आहोत. एका गृहस्थांकडे जुने यंत्र मिळाले आहे; त्यावर गुण नारिंगी आकड्यांत चमकतात. चालेल का?
— एक वाचक, औंध

उत्तर : तसेच्या तसे चालणार नाही. चमकणारे आकडे १९७५ ते १९७७ च्या सुमारास, यंत्रांत इलेक्ट्रॉनिक मंडले आली तेव्हा आले. १९७२ मध्ये गुण फिरत्या चाकांवर छापलेल्या आकड्यांनी दाखवत. फ्लिपर असायला हरकत नाही. ते १९४७ मध्ये गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’पासून सुरू झाले.

दुसरे यंत्र मिळाले नाही तर गुण दाखवणारा मागचा उभा काचफलक चौकटीत घेऊच नका. कॅमेरा यंत्राच्या मागे ठेवून खलाशाचा चेहरा घ्या, आणि पटाची जवळची दृश्ये वरची काच काढून स्वतंत्र घ्या, नाहीतर काचेत दिवे आणि तुम्ही स्वतः दिसाल. ध्वनी मात्र पूर्ण बदलावा लागेल. इलेक्ट्रॉनिक सूर त्या काळी नव्हते आणि बोलणारे पहिले यंत्र, विल्यम्स कंपनीचे ‘गॉर्गर’, १९७९ चे. तुम्हाला खऱ्या घंट्यांचे टोल, रिलेची (आतल्या विजेच्या कळांची) टकटक, मोटरची घरघर आणि फुकट डाव मिळाल्यावर पेटीच्या आतून येणारा मोठा ठोका लागेल. संवाद चालू असताना यंत्र बंदच ठेवा आणि हे आवाज मागाहून भरा.

एक गोष्ट नटाला आधीच समजावून सांगा. पेटीत कडीच्या मधोमध एक लंबक टांगलेला असतो. यंत्राला जोराचा धक्का बसला की तो कडीला टेकतो, ‘टिल्ट’चा दिवा लागतो, फ्लिपर निर्जीव होतात आणि ती गोळी हातची जाते. खलाशाने चिडून यंत्रावर बुक्की मारावी असे पटकथेत असेल, तर पुढच्याच दृश्यात फ्लिपर हलताना दाखवू नका.