वाचक विचारतात : पडदा उघडण्याआधीचा पाऊण तास

प्रश्न : ताई, मी गोव्यात वाळपईजवळच्या एका गावात राहतो. मागच्या दिवाळीत माझा कथासंग्रह स्वतःच छापून घेतला, 500 प्रती. साठ-सत्तर ओळखीच्यांना भेट दिल्या, बाकीचे गठ्ठे खाटेखाली आहेत. पुस्तक हातात घेऊन अनोळखी माणसासमोर उभं राहायचं म्हटलं की जीभ अडखळते. शाळेतले एक सहकारी तर म्हणाले, 'स्वतःची टिमकी स्वतःच किती वाजवणार?' तुम्ही पहिलं पुस्तक हातोहात विकलंत असं ऐकलं. कसं विकलंत? लाज नाही वाटली?

उत्तर : आधी ते गठ्ठे खाटेखालून बाहेर काढा. आपल्याकडचा पावसाळा पुस्तकांना सोसत नाही. माझ्या 30 प्रती पहिल्याच आषाढात गेल्या. जमिनीची ओल वर चढली आणि कव्हरांवर हिरवट बुरशी धरली. गठ्ठे लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि ऊन पडेल तेव्हा सोडून वारा द्या.

आता लाजेचं. वाटली, फार वाटली. 1998 साली मी 500 प्रती छापल्या, 15,000 रुपयांना. आईने दिलेली एक सोन्याची पाटली त्यासाठी मोडली होती, म्हणून घरी बसून राहणं परवडणारं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले. मयड्याची केळी घेऊन बसणाऱ्या एका बाईने शेजारी हातभर जागा दिली, तिथे चादर पसरली. सोपो, म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी, गोळा करणारा आला आणि पुस्तकं बघून थांबला. पुस्तकांना किती घ्यायचा हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी भाजीच्या एका टोपलीएवढा सोपो घेऊन त्याने पावती फाडली. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे.

त्या दिवशी मी सकाळपासून बोलत होते. मी कोण, कुठे शिकले, कथा कुठल्या मासिकात आल्या होत्या. लोक ऐकत ऐकत पुढे जायचे. त्यांच्या पिशवीत सुकी मासळी, मिरच्या, घरी जायला बस गाठायची घाई. त्यांना माझ्या शिक्षणाचं काय? संध्याकाळपर्यंत दोन प्रती खपल्या.

खरं शिकले ते फोंडा महालातल्या एका गावच्या जत्रेत. माझा धाकटा भाऊ नाटकात काम करायचा, त्याच्याबरोबर मी पुस्तकांची पिशवी घेऊन गेले होते. नाटक दहाला म्हणून सांगितलं होतं, पडदा उघडायला पावणेअकरा झाले. आपल्या गावांतल्या नाटकांचं हे ठरलेलंच आहे. मंडप भरलेला, उकाडा, लोक वाट बघत बसलेले. शेजारच्या खुर्चीवरच्या एका बाईने माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं आणि वारा घ्यायला लागली. मला वाईट वाटलं, पण काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने ते उघडलं. ट्यूबलाइटखाली धरून चार पानं वाचली. मग मान वर करून विचारलं, "फुडें कितें जालें गो?"

ते मी सांगितलं नाही. तिने पैसे काढले. तिच्या मागच्या रांगेतल्या दोघींनी बघायला मागितलं. त्या रात्री 17 प्रती गेल्या आणि मी लेखिका आहे हे एकदाही सांगावं लागलं नाही. तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे : पुस्तक हातात द्यायचं, सर्वांत चांगल्या कथेचं पान उघडून द्यायचं, आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच अवघड असतं. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहू नका, त्याला अवघडल्यासारखं होतं. किंमत कव्हरवर ठळक असू द्या, कारण पुष्कळ लोक किंमत विचारायच्या संकोचाने पुस्तक खाली ठेवतात.

दिवाळीनंतर जत्रा आणि कालोत्सव सुरू होतात ते शिमग्यापर्यंत. तेवढे महिने तुमचे. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तोंडावर मात्र जाऊ नका. तेव्हा घरोघरी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळा-फुलांच्या आराशीचं, सामान आणि फराळाचा खर्च असतो.

दुकानांचं थोडक्यात सांगते. माझी किंमत 60 रुपये, छपाई प्रतीमागे 30. दुकानाचं कमिशन 40 टक्के, म्हणजे 24. उरले सहा. हाताने विकलेल्या प्रतीला 30 सुटायचे, त्यातून बसभाडं आणि सोपो. एका दुकानात 40 प्रती ठेवल्या, वर्षभर खेपा घातल्या, पैसे मिळाले नाहीत आणि परत आल्या त्या 11. चूक माझीही होती, मी प्रती दिल्याच्या चलनावर दुकानदाराची सही घेतली नव्हती. तुम्ही घ्या.

तुम्हीच प्रकाशक आहात, तेव्हा प्रकाशकाची कामंही तुमचीच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात मोफत मिळतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना 30 दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. राहिलं असेल तर आता पाठवा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, 1832 पासून चालत आलेलं. तिथेही एक प्रत स्वतः नेऊन द्या.

तुमच्या सहकाऱ्यांच्या टिमकीविषयी एक प्रसंग सांगते. माझ्या एका कथेत नायिका भर भरतीच्या वेळी फेरीबोटीतून उतरते आणि धक्क्याजवळच्या चिखलात तिची चप्पल रुतते. म्हापशाला एका फेरीबोटीवरच्या खलाशाने पुस्तक घेतलं. पुढच्या शुक्रवारी तो त्याच जागी मला शोधत आला, पानाला दुमड घातलेली. म्हणाला, "बाय, भरतेक चिखल दिसना." बरोबर होतं त्याचं. चिखल उघडा पडतो ओहोटीला. मी नदीकाठी वाढलेली बाई, आणि हे मला सुचलं नव्हतं. पुस्तकावर दोन परीक्षणं आली होती, दोन्हींत हे कुणी लिहिलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत मी तिथे ओहोटी केली आणि एक प्रत त्याच्यासाठी घेऊन गेले. तो पैसे दिल्याशिवाय घेईना. त्या चादरीवर मी बसले नसते तर तो माणूस मला भेटला नसता, आणि चप्पल अजून भरतीतच रुतलेली असती. याला कुणी टिमकी म्हणत असेल तर म्हणू द्या.

सव्वा वर्षात माझ्या 400 च्या वर प्रती गेल्या. तुमच्या जवळच्या गावात पहिलं नाटक कधी आहे ते बघा आणि वीसच प्रती न्या, जास्त नेल्या की ओझ्याने हात दुखतात. भेट देणं मात्र आता थांबवा. माझ्यासाठी एक प्रत बाजूला ठेवा, किंमत देऊन घेईन. सही करताना खाली तारीख आणि गावाचं नाव लिहा.