नोव्हेंबरआधीची तयारी: फिनलंडला निघालेल्या एका आईचा प्रश्न

“मॅडम, तिकडे दुपारी तीन वाजता रात्र होते म्हणतात. माझी मुलगी चार वर्षांची आहे. ती तिथे कशी राहील?” वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आणि तिथेच घरी शिकवण्या घेणाऱ्या एका तरुण आईने पहिल्या भेटीत मला हा प्रश्न विचारला. तिच्या यजमानांना हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात संगणक क्षेत्रातली नोकरी मिळाली होती आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर्वांनी एकदमच निघायचे ठरले होते. (ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

समुपदेशक म्हणून परदेशी निघालेल्या माणसांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकते, आणि त्यावर माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. अंधार आणि थंडी ही केवळ बोलण्याची निमित्ते असून खरे दुःख घर, सासूबाई आणि शिकवण्यांची मुले सुटण्याचे आहे, असे मी धरून चालले. दोन भेटी आम्ही त्यावरच बोललो. तिसऱ्या भेटीत ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही माझ्या मनाबद्दल विचारता ते बरे वाटते, पण अंधाराबद्दल मला कोणीच काही सांगत नाही.” तिचे म्हणणे रास्त होते. तिचा प्रश्न भूगोलाचा होता आणि त्याला भूगोलाचेच उत्तर हवे होते.

पुढच्या भेटीत आम्ही नकाशा उघडून बसलो. वडोदरा साधारण २२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, हेलसिंकी ६० अंशांवर. आपल्याकडचा सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांचा असतो, म्हणून हिवाळ्यात दिवस आखडतो हे आपल्याला फारसे जाणवतही नाही. हेलसिंकीत तोच दिवस पावणेसहा तासांपेक्षा थोडासाच मोठा असतो, आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर येतो. उत्तरायणाला, म्हणजे मकरसंक्रांतीला, आपण गच्चीवर दिवसभर पतंग उडवतो, त्या दिवशी तिथे साडेसहा तासांच्या आसपास उजेड असतो. उलट जूनच्या अखेरीस दिवस जवळजवळ १९ तासांचा होतो. मार्चच्या विषुवदिनी मात्र दोन्ही गावांत दिवस सुमारे बारा तासांचा असतो, आणि तिथे त्या सुमारास तो रोज पाच मिनिटांहून अधिक वाढत जातो.

थंडीबद्दल तिची कल्पना वास्तवापेक्षा भयंकर होती. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाह आणि पश्चिमेकडून येणारे वारे यांमुळे दक्षिण फिनलंड त्याच अक्षांशावरच्या सायबेरियाइतके गारठत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सरासरी तापमान शून्याखाली चार-पाच अंशांच्या आसपास राहते, कधी लाट आली तर उणे वीसपर्यंत उतरते, पण घरे आतून उबदार असतात. बालवाडीतली मुले शून्याखालच्या तापमानातही रोज बाहेर खेळतात. त्यांच्या कपड्यांची रीत मात्र निराळी: अंगालगत लोकर, त्यावर उबेचा थर, सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारा पोशाख. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि अंग गार पडते, म्हणून इथल्या बाजारातून जाड जाकिटांची बॅग भरून नेऊ नये, असे मी आवर्जून सांगते.

उजेडाची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तिथे जाणाऱ्याने खरी तयारी तिचीच करावी. मूळचे जोहान्सबर्गचे मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल अमेरिकेत स्थायिक झाल्यावर हिवाळ्यातली मरगळ त्यांनी स्वतः अनुभवली, आणि १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ऋतूशी निगडित नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जास्त झोप, गोडधोड खाण्याची ओढ, कशातच मन न लागणे ही त्याची लक्षणे. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) दिव्यासमोर बसणे हा त्यावरचा एक प्रचलित उपाय आहे. मात्र डोळ्यांचा विकार किंवा द्विध्रुवीय विकार (मन कधी अति उत्साही, कधी अति खिन्न होण्याचा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्वाचीही तयारी हवी, कारण ते त्वचेत उन्हामुळे तयार होते. फिनलंडमध्ये २००३ पासून दुधात ते मिसळले जाते आणि लहान मुलांना वेगळे देण्याचीही शिफारस आहे. सावळ्या त्वचेला ते तयार करायला ऊन जास्त लागते, म्हणून आपल्या लोकांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

एवढे समजल्यावर नोव्हेंबरची तारीख मला खटकू लागली. तिथे दिवस त्या महिन्याच्या आरंभी पावणेनऊ तासांचा असतो आणि अखेरीस साडेसहा तासांच्याही आत येतो. त्यातच दक्षिणेकडे बर्फ बहुधा टिकत नाही, त्यामुळे जमीन काळी, ओली आणि आकाश ढगाळ. जानेवारीत बर्फ पडले की निदान त्यावरून उजेड परावर्तित होतो. फिनिश भाषेतले या महिन्याचे नावच मरणाशी जोडलेले आहे. नवे घर, नवी भाषा, ओळखीचे कोणी नाही, अशा स्थितीत कुटुंबाने नेमक्या याच महिन्यात पाऊल का ठेवावे? मी तारीख बदलण्याचा सल्ला दिला नाही. फक्त दिवसांच्या लांबीचा तक्ता तिच्या हाती दिला. तिने घरी सर्वांसमोर तो मांडला. यजमान एकटे नोव्हेंबरमध्ये गेले, त्यांनी घर आणि नोंदणीची कामे उरकली, आणि मायलेकी मार्चमध्ये पोचल्या. पहिला हिवाळा येईपर्यंत तिच्याजवळ उन्हाळ्याच्या ओळखी, बालवाडीतल्या बाई आणि हेलसिंकीच्या हाकानिएमी भागातली डाळी-मसाल्यांची दुकाने होती.

तरी तो हिवाळा सोपा गेला नाही. ऑक्टोबरअखेर तिचा फोन आला. ती दुपारभर थकलेली असे. तिच्या दिवसाचा आढावा घेताना कारण सापडले. करासंबंधी रीतसर चौकशी करून तिने वडोदऱ्याच्या मुलांच्या शिकवण्या ऑनलाइन सुरू केल्या होत्या, इथल्या संध्याकाळी पाचला. तिथली घड्याळे हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतात, म्हणजे उरलासुरला उजेड ती दीड वाजल्यापासून पडद्यासमोर घालवत होती. शिकवणी साडेसातला नेली, तिथले चार. तेव्हा बाहेर अंधार पडायला लागलेलाच असतो. दुपारी, ढग असले तरी, ती मुलीला घेऊन चालायला जाऊ लागली, दोघींच्या कोटाला अंधारात चमकणारे परावर्तक लावून.

सासूबाई इकडे रात्री आठला फोन करत, आणि तिथल्या साडेचार वाजता खिडकीबाहेरचा काळोख पाहून रडत. आता त्या रविवारी दुपारी साडेतीनला करतात. तिथे तेव्हा बारा वाजलेले असतात, आणि नात फोन खिडकीशी धरून आजीला अंगणातला बर्फ दाखवते.