ब्रेकचं पॅडल खाली जातंय? आधी ऑइल कुठलं ते बघा, मग पाना हातात घ्या

नमस्कार शेतकरी मित्रांनो. ऊस तोडणी तोंडावर आली की ट्रॅक्टरच्या ब्रेकचे प्रश्न हमखास वाढतात, यंदाही तेच चाललंय. सांगोल्याकडच्या एका दादांनी विचारलंय की हायड्रॉलिक ब्रेकचं पॅडल पहिल्या दाबाला पार तळाला जातं, दोन-तीनदा मारलं की धरतं, ब्रेक ऑइल वाढवून पण फरक नाही. इगतपुरीवरून विचारणा आहे की भाताची चिखलणी झाल्यापासून मागचं एका बाजूचं हाउसिंग (ज्यात ब्रेकच्या डिस्क असतात ती पेटी) तापतंय आणि ट्रॅक्टर जड चालतोय. एका ताईंचा प्रश्न आहे की ब्रेकच्या डबीतलं ऑइल कमी होतंय पण खाली एक थेंब पडलेला दिसत नाही. आणि ऊसवाल्यांचा नेहमीचा, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला जाते. सगळ्यांना एकदमच सांगतो.

पहिलं म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरचा ब्रेक खरंच हायड्रॉलिक आहे का ते बघा. आपल्याकडं बऱ्याच ट्रॅक्टरना डिस्क तेलात बुडालेल्या असतात पण पॅडलपासून डिस्कपर्यंत जोर जातो तो लोखंडी रॉडनेच, तिथं एअर (ऑइलच्या पाइपात अडकलेली हवा) काढायचा प्रश्नच येत नाही, रॉडचं ॲडजस्टमेंट करायचं किंवा डिस्क बघायच्या एवढंच. पॅडलच्या वरच्या अंगाला मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइल पुढं ढकलणारा पंप) आणि तिथून बारीक लोखंडी पाइप मागं दोन्ही हाउसिंगकडं गेलेले दिसले तर तो हायड्रॉलिक.

आता ऑइल. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. काही मॉडेलला डॉट थ्री किंवा डॉट फोर ब्रेक फ्लुइड लागतं, काहींना ट्रान्समिशनचंच मिनरल तेल चालतं, आणि ही दोन्ही एकमेकांच्या जागी अजिबात चालत नाहीत. चुकीचं पडलं की आतले रबर कप फुगतात, मग ब्रेक धरून तरी बसतो नाहीतर लागतच नाही. झाकणावर किंवा कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचूनच टाका, दुकानदार "हेच सगळे नेतात" म्हणाला तरी. आत आधी काय पडलंय याची शंका असेल तर सोपी तपासणी आहे, काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि डबीतलं चमचाभर ऑइल त्यात सोडून ढवळा, डॉट थ्री-फोर असेल तर पाण्यात विरघळून जातं आणि मिनरल तेल असेल तर वर तवंग धरतं. डॉटवाल्या ट्रॅक्टरमध्ये तवंग दिसला तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, पाइप साफ करून सगळी रबरं नवीन टाकावी लागतात, खर्च आहे पण इलाज नाही. (ग्लास नंतर फेकून द्या, हे विषारी असतं. उरलेलं ऑइल पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवायची सवय पण सोडा, लहान पोरं असतात.)

सांगोल्याच्या दादांसाठी: दोन-तीनदा मारल्यावर पॅडल वर येतं म्हणजे बहुतेक लाइनीत एअर आहे, नाहीतर डिस्क झिजून गॅप वाढलाय. स्पंजावर पाय दिल्यासारखं लागत असेल तर एअरच समजा. आता पुढची तपासणी करा, पॅडल धरलं की तसंच पायाने एकसारखा जोर देऊन मिनिटभर दाबून ठेवा. जागेवर राहिलं तर ठीक, हळूहळू खाली सरकायला लागलं तर कुठंतरी गळतंय, आणि बाहेर ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे कप गेलेत, त्या कपांचं किट बदलायचं.

एअर काढायला दोन माणसं लागतात. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, आणि चाकांना पुढून मागून ओंडके लावा, कारण काही मॉडेलमध्ये हँडब्रेक पण याच डिस्कवर असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरू नका. डबी भरून घ्या, हाउसिंगवरचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) आधी पुसा, त्याला पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पॅडल चार-पाच वेळा मारून दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सोडायचा, बुडबुडे बाहेर येतील, पॅडल खाली गेलं की आधी निपल आवळायचा आणि मगच पाय उचलायचा. हा क्रम उलटा झाला की जेवढी एअर गेली तेवढी परत आत. बुडबुडे बंद होईपर्यंत करा आणि मध्ये मध्ये डबी बघत राहा, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. दोन्ही बाजू करायच्या. निघालेलं डॉट ऑइल परत ओतू नका, ते हवेतली ओल पितं. नवीन डॉट थ्री किमान 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी प्यायलं की हाच आकडा 140 वर येतो, म्हणजे घाटात ब्रेक तापला की लाइनीत वाफ होणार आणि पॅडल मोकळं. म्हणूनच पावसाळाभर अर्धवट उघडा पडलेला डबा वापरायचा नाही. आणि किट बसवताना कप डिझेलने किंवा पेट्रोलने धुवायचे नाहीत, गॅरेजवर पोरं सर्रास धुतात, डॉटवाल्या सिस्टिमचे रबर त्याने फुगतात. त्याच नवीन ब्रेक फ्लुइडने धुवा.

इगतपुरीवाल्यांनी आधी पॅडलच्या बुडाशी बघावं. चिखलणीचा चिखल पिनेवर सुकून बसतो आणि पॅडल पूर्ण वर येत नाही, डोळ्याला आलंय असं वाटतं पण थोडं दाबलेलंच असतं. धुवून ग्रीस मारा, स्प्रिंग बघा, पॅडलला पुस्तकात दिलाय तेवढा मोकळा खेळ आहे का ते तपासा. तरी तापत असेल तर चाकं ओंडक्यांनी अडवून मागचं ते चाक जॅकवर उचला, खाली भक्कम टेकू द्या, गिअर न्यूट्रलला टाका आणि चाक हाताने फिरवून बघा. जाम असेल तर त्या बाजूचा निपल जरासा सोडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलंय, दोष वर मास्टर सिलिंडरकडं आहे. निपल सोडून पण चाक जामच राहिलं तर आत डिस्क किंवा पिस्टन अडकलाय, हाउसिंग खोलावं लागेल. हे एवढं बघून गेलात तर मिस्त्री उगाच हाउसिंग खोलून बसणार नाही.

ताई, तुमचं ऑइल बाहेर दिसत नाही म्हणजे ते आत जातंय. ब्रेकच्या पिस्टनचं सील गेलं की ऑइल मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे ट्रान्समिशनच्या तेलात मिसळतं. डीपस्टिक (तेल मोजायची कांडी) काढून लेव्हल वाढलीय का, रंग बदललाय का बघा, पण तेल दुधाळ असेल तर पाणी पण शिरलंय. डबीत वरून ऑइल टाकत राहू नका, डॉट ऑइल ट्रान्समिशनमध्ये गेलं की तिथली सीलं खराब होतात आणि काम मोठं होतं. हे घरी करायचं काम नाही, सर्व्हिस सेंटरला न्या, सीलबरोबर ट्रान्समिशनचं तेल पण बदलून घ्या आणि कंपनीने सांगितलेलंच टाका. स्वस्तातलं साधं गिअर ऑइल टाकलं की तेलातल्या डिस्क कर्रर्र आवाज करतात, मग लोक म्हणतात डिस्क गेल्या.

एका बाजूला ओढणं. आधी दोन्ही पॅडल पट्टीने जोडलेत का ते बघा. हसू नका, निम्म्या वेळा एवढंच निघतं. रानात बांधावर वळायला पट्टी काढतात आणि तशीच गाडी डांबरीवर येते, मग घाईत पाय एकाच पॅडलवर पडतो आणि ट्रॅक्टर फिरून पलटी होतो. पट्टी लावलेली असून ओढत असेल तर टायरची हवा सारखी करा, मग रिकाम्या मैदानात ट्रॉली सोडून, हळू वेगात ब्रेक मारा आणि मातीवरचे ओरखडे बघा. ज्या चाकाचा ओरखडा कमी, त्या बाजूला एअर, गळती किंवा झिजलेली डिस्क. एकाच हाताला वळायची सवय असलेल्यांची एक बाजू आधी झिजते.

आणि ऊसवाल्यांनो, ट्रॅक्टरला ब्रेक सहसा फक्त मागच्या दोन चाकांना असतो, मागं दोन ट्रॉल्या भरून लावल्या तर तेवढं सगळं वजन त्या दोन चाकांनी थांबवायचं. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर एअर काढून, किट बदलून पण उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलणारच. उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका, ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्यातच उतरवा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका आणि क्लचवर पाय ठेवू नका.

पुढचे प्रश्न पाठवताना मॉडेल, मीटरवरचे तास आणि ऑइलच्या डबीच्या झाकणाचा फोटो जोडा, म्हणजे उत्तर लवकर देता येईल.