‘माझा भाऊ सुनील’: स्वल्पविराम हवा का?

प्रश्न असा आहे: ‘माझा भाऊ सुनील उद्या येतोय’ या वाक्यात ‘सुनील’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्यावा का? इंग्रजीत भाऊ एकच असेल तर देतात, अनेक असतील तर देत नाहीत.

इंग्रजीतला नियम खरा आहे. भाऊ एकच असेल तर नाव ही जादा माहिती, ती गाळली तरी माणूस तोच राहतो. चार भाऊ असतील तर कोणता ते नावावरूनच कळते. पण मराठीत हा भार स्वल्पविरामावर टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. ही खूण आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी रुळली. त्याआधी मोडी लिपीत दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, आणि तरीही असे फरक भाषेत सांगता येत होतेच.

‘भिजलेली पोती बाजूला काढली.’ सगळी भिजली होती, की त्यांतली थोडीच? इथे स्वल्पविराम कुठेच बसत नाही, कारण ‘भिजलेली’ हे विशेषण नामाला बिलगून येते. ‘भिजली होती तेवढीच पोती बाजूला काढली’ म्हटले की निवड कळते. ‘पोती भिजली होती, म्हणून बाजूला काढली’ म्हटले की सगळी आली. ‘तेवढा’ आणि ‘च’ यांची ही ताकद मला फार मोलाची वाटते.

‘जी पोती भिजली, ती काढा’ यातला स्वल्पविराम फक्त गौण वाक्य संपल्याची खूण आहे. माहिती अत्यावश्यक असूनही तो येतो, म्हणून इंग्रजी नियम इथे लावला की घोटाळा होतो.

विभक्तीकडे मात्र जरूर पाहा. ‘माझा भाऊ सुनील याला सांग’ यात प्रत्यय एकदाच, शेवटी ‘याला’मध्ये आला, स्वल्पविराम नको. ‘माझ्या भावाला, सुनीलला, सांग’ यात तो दोनदा आला, म्हणजे बोलणारा मध्येच थांबून खुलासा करतो आहे. इथे दोन्ही स्वल्पविराम हवेत. पहिला देऊन दुसरा विसरणे ही नेहमीची चूक.

तेव्हा तुमचे वाक्य आहे तसेच ठेवा. अनेक भावांपैकी कोणता ते सांगायचे असेल, तर ‘माझा धाकटा भाऊ सुनील’ लिहा, लग्नपत्रिकेत ‘आमची ज्येष्ठ कन्या’ लिहितात तसे.