स्कूटरच्या कंट्रोलरचा हीटसिंक कंपोझिटचा केला तर फायदा होईल का?

चोर्ला घाट चढताना तुमच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा भाग, तापून पॉवर कमी करतो. म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड मिसळून, म्हणजे कंपोझिट करून, हलका हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) ओतून घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथेच कास्टिंग आणि मशिनिंगच्या कामात आहे. माझं उत्तर: या कामासाठी नको.

आधी वजनाचं बघू. ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, सिलिकॉन कार्बाइडची ३.२. म्हणजे मिश्रण ॲल्युमिनियमपेक्षा जडच होणार, साधारण ३. त्याला हलकं म्हणतात ते तांब्याच्या तुलनेत, कारण तांबं जवळजवळ ९ आहे. उष्णता वाहण्यातही ते पुढे नाही. चांगल्या प्रतीचं कंपोझिट १८० ते २०० वॅट प्रति मीटर-केल्विन देतं. बाजारात मिळणारं ६०६३ ॲल्युमिनियमचं एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेली पट्टी) साधारण २०० देतंच.

मग मोठ्या कंपन्या ते का वापरतात? तापल्यावर ते कमी फुगतं म्हणून. पॉवर मॉड्यूलमध्ये, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या भागात, सिलिकॉनची चिप सिरॅमिकवर असते आणि ते सिरॅमिक धातूच्या बेसप्लेटवर सोल्डर केलेलं असतं. ५० मिमी लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापवला तर ॲल्युमिनियम साधारण ०.११५ मिमी वाढतं, तांबं ०.०८५, आणि ॲल्युमिनियम नायट्राइडचं सिरॅमिक फक्त ०.०२ च्या आसपास. हा फरक मधल्या सोल्डरला सोसावा लागतो. गाडी रोज तापते, रोज थंड होते, आणि शेवटी सोल्डरला चिरा पडतात. चिरा पडल्या की उष्णतेची वाटच बंद होते. कंपोझिटची प्लेट तेवढ्याच तापमानाला ०.०४ मिमी वाढते, म्हणून सोल्डर टिकतं. रेल्वेच्या विद्युत इंजिनांतल्या मोठ्या आयजीबीटी (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) मॉड्यूलना याच कारणासाठी अशा बेसप्लेट असतात. तुमचा हीटसिंक स्क्रूने आवळलेला आहे, सोल्डर केलेला नाही. त्यामुळे हा गुण तुमच्या कामाचा नाही.

शिवाय त्या प्लेटमध्ये सिलिकॉन कार्बाइड ६० ते ७० टक्के असतं. आधी कार्बाइडचा सच्छिद्र ठोकळा बनवतात आणि मग वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने त्यात भरतात. आपल्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये करतात ते स्टर कास्टिंग, म्हणजे वितळलेल्या धातूत १०-१५ टक्के पूड ढवळणं. त्याने झीज कमी होते, आणि बुश किंवा ब्रेकच्या भागासाठी तो अभ्यास मोलाचा आहे. पण उष्णतेसाठी नाही. ढवळताना हवा आत जाते, पुडीच्या गुठळ्या होतात, आणि त्या पोकळ्या उष्णता अडवतात. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कमी असेल आणि धातू जास्त वेळ तापलेला राहिला तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं आणि ओलाव्याने खराब होतं. जांबोटीच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीवर ते नकोच. मशिनिंगचं तर विचारूच नका. साधं टंगस्टन कार्बाइडचं टूल बघता बघता बोथट होतं, पीसीडी (कृत्रिम हिऱ्याचं) टूल लागतं.

साधं ओतीव ॲल्युमिनियमसुद्धा इथे कमी पडतं. एडीसी-१२ या ओतकामाच्या मिश्रधातूची उष्णता-वाहकता १०० पेक्षा थोडी कमीच, म्हणजे एक्स्ट्रूजनच्या निम्मी.

आता खरी अडचण कुठे असते ते बघा. समजा, २०० वॅट उष्णता २० चौरस सेंटिमीटर जागेतून जाते आहे. ५ मिमी जाड ६०६३ च्या प्लेटमध्ये तापमानाचा फरक अडीच अंश. त्याच जागेवर वाहकता १ असलेल्या थर्मल पेस्टचा (कंट्रोलर आणि हीटसिंक यांच्यामधली फट भरणारा लेप) ०.१ मिमीचा थर १० अंश खातो. पृष्ठभाग वाकडा असल्याने थर अर्धा मिमी झाला, तर ५० अंश! एवढी तफावत असताना लोक धातू बदलत बसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पेस्ट आणि पॅडमध्ये अनेकदा अल्युमिनाचीच (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पूड भरलेली असते; आपल्या यमुनापूरच्या हिंडाल्कोत तयार होतो तोच पदार्थ. तेव्हा चांगली पेस्ट घ्या, हीटसिंकचा तळ सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घ्या, आणि स्क्रू सगळीकडून सारखे आवळा.

दुसरी गोष्ट हवेची. घाटात करंट सर्वांत जास्त आणि वेग सर्वांत कमी, म्हणजे वाराही कमी. कंट्रोलर सीटखाली बंद डब्यात असेल तर हिऱ्याचा हीटसिंक लावूनही उपयोग नाही. फिन (हीटसिंकच्या पातळ पट्ट्या) वाऱ्याच्या दिशेला समांतर ठेवा, डब्याला पुढून वाट द्या, आणि जमलं तर छोटा वॉटरप्रूफ पंखा लावा.

खर्च करण्याआधी चढ संपल्या संपल्या दोन ठिकाणचं तापमान मोजा: मॉस्फेटजवळ (कंट्रोलरमधला करंट चालू-बंद करणारा भाग) आणि फिनच्या टोकाला. दोन्हींत मोठा फरक असेल तर दोष पेस्टच्या थरात आहे. दोन्ही जवळपास सारखेच तापलेले असतील तर हवा कमी पडते आहे. ते दोन आकडे आणि कंट्रोलरचा रेटेड करंट इथे लिहा, म्हणजे फिन किती वाढवायला हव्यात तो हिशोब मांडता येईल.