स्विम टीमचा सीझन की साताऱ्याची सुट्टी: यंदाचा हिशोब

प्रश्न: आम्ही व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. दोघेही नोकरी करतो. मुलगी बारा वर्षांची, मुलगा दहाचा. दरवर्षी शाळा सुटली की जूनमध्ये चार आठवडे साताऱ्याला सासरी जातो. यंदा मुलीने हट्ट धरलाय, स्विम टीमचा जून-जुलैचा पूर्ण सीझन करायचाच. मग ऑगस्टमध्ये जावं की थेट डिसेंबरमध्ये? चौघांची तिकिटं जूनमध्ये ६,४०० डॉलर, ऑगस्टमध्ये ७,०००, डिसेंबरमध्ये ८,२००. प्रवासासाठी ५,५०० साठवलेत, तिथल्या खर्चाला ९०० लागतील. कमी पडतील ते क्रेडिट कार्डवर टाकावेत की मुलांच्या कॉलेजसाठीच्या ५२९ बचत खात्यांचा महिना ४०० डॉलरचा हप्ता थांबवावा? इमर्जन्सी फंड सहा महिन्यांचा आहे. शिवाय कोच म्हणतात, मुलीला वर्षभराच्या क्लबमध्ये घाला. त्याचे वर्षाला ३,२०० डॉलर. मिस्टरांना वाटतं, पुढे स्कॉलरशिप मिळाली तर ते वसूल होतील. सासरे ७८ वर्षांचे आहेत, बायपास झालेली आहे.

उत्तर: यंदा सीझन पूर्ण करून ऑगस्टमध्ये तीन आठवडे जा, आणि पुढच्या वर्षी जूनमध्येच निघून पाच आठवडे राहा. हे दोन्ही आजच, एकत्र ठरवा. डिसेंबरचा विचार सोडून द्या.

असं का, याचं उत्तर आधी मुलांच्या वयात आहे. तुमच्या भागातल्या नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीगमध्ये १ जूनला जे वय असेल त्यावर गट ठरतो: आठ आणि खालचे, नऊ-दहा, अकरा-बारा, तेरा-चौदा आणि मग पंधरा ते अठरा. म्हणजे बारा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा, दोघंही यंदा आपापल्या गटात सगळ्यात मोठे. शनिवारच्या ए मीटमध्ये, म्हणजे दोन टीममधल्या मुख्य सामन्यात, प्रत्येक शर्यतीत एका टीमचे तीनच पोहणारे उतरतात, आणि मेडली रिलेत चार स्ट्रोकला चौघी लागतात. गटात मोठी असलेली मुलगी त्या चौघींत असण्याची शक्यता यंदा सर्वाधिक आहे. पुढच्या वर्षी ती तेराची होऊन चौदा वर्षांच्या मुलींसमोर उभी राहील, मुलगा अकराचा होऊन बारा वर्षांच्या मुलांसमोर. तेव्हा दोघांचेही बरेच शनिवार बाकावर किंवा सोमवारच्या दुय्यम बी मीटवर समाधान मानण्यात जातील. ते वर्ष भारतात जास्त राहायला योग्य. त्यापुढच्या वर्षी दोघं पुन्हा गटात मोठे होतात. तुमच्या मुलांत दोन वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे हे चक्र दोघांसाठी एकाच वेळी फिरतं. मोठा भाऊ अकराचा आणि धाकटी बहीण आठची असलेल्या घराला हे इतकं सोपं नसतं.

तुमच्या मुलीचा हट्ट मला म्हणूनच रास्त वाटतो. तिने गट, वय असा हिशोब केला नसेल, पण या वर्षी आपण संघाला लागतो हे तिला जाणवलंय. बाराव्या वर्षी असं वाटणं ही चांगली गोष्ट आहे, तिला जपा.

आता पैसे. पत्रात तिकिटांचे आकडे आहेत, पण उन्हाळ्यातला दुसरा मोठा खर्च नाही: डे कॅम्प, म्हणजे सुट्टीत मुलांना दिवसभर सांभाळणारी शिबिरं. सकाळचा सराव तासाभराचा असतो. तुम्ही दोघं कामावर, मग उरलेला दिवस मुलं कुठे? साध्या कॅम्पचे मुलामागे आठवड्याला ३२५ डॉलर धरले तर दोघांचे ६५० होतात. सुट्टी साधारण नऊ आठवड्यांची. जूनमध्ये चार आठवडे साताऱ्यात राहिलात तर कॅम्प पाच आठवडे, म्हणजे ३,२५०. तिकिटांसह ९,६५०. ऑगस्टमध्ये तीन आठवडे गेलात तर कॅम्प सहा आठवडे, ३,९००. तिकिटांसह १०,९००. डिसेंबरमध्ये गेलात तर उन्हाळाभर कॅम्प, ५,८५०, आणि तिकिटांसह १४,०५०. इतके पैसे घालून आजी-आजोबांच्या वाट्याला जेमतेम दोन आठवडे येतात, त्यातही पहिले तीन-चार दिवस मुलं दुपारी झोपतात आणि पहाटे तीनला उठून बसतात. सीझनसाठी जूनची सहल ऑगस्टवर ढकलण्याची खरी किंमत १,२५० डॉलर आहे. डिसेंबरवर ढकलण्याची ४,४००. पहिली रक्कम तुमच्या घराला पेलणारी आहे, दुसरी नाही.

पूलची मेंबरशिप आणि टीमची फी मी या हिशोबात घेतलेली नाही, कारण ती तिन्ही बाबतींत सारखीच जाते. "एवढे भरलेत, मग इथेच राहू" हा विचारही मनातून काढा.

कॅम्पच्या खर्चात थोडी सवलत मिळवता येते. तुमच्या नोकरीत डिपेंडंट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवायचं खातं) असेल तर डे कॅम्पचा खर्च त्यातून करपूर्व पैशाने भागतो. २०२६ पासून त्याची मर्यादा घरटी ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे. रात्री मुक्कामाचे कॅम्प यात बसत नाहीत, आणि मूल तेरा वर्षांचं झालं की त्या दिवसापासून त्याचा खर्चही बसत नाही. तुमची मुलगी त्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा पुढच्या वर्षीची रक्कम निवडताना फक्त मुलाचा हिशोब धरा.

जाऊबाईंनी किंवा आणखी कुणी "आई-बाबांनाच इकडे बोलवा" असं सुचवलं असेल, किंवा सुचवतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बायपास झालेल्या माणसासाठी हा पर्याय स्वस्त दिसतो, तसा नाही. पाहुणे म्हणून आलेल्या पालकांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही. व्हिजिटर इन्शुरन्स या वयात महाग आणि मर्यादा कमी, आणि आधीपासूनच्या आजाराला बहुतेक पॉलिसी एक तर काहीच देत नाहीत, नाहीतर फार थोडं. इथल्या रुग्णालयात हृदयासाठी दोन रात्री काढाव्या लागल्या तर तुमचा इमर्जन्सी फंड त्यातच जाईल. त्यांना यायची हौस असेल तर जरूर बोलवा, पण सहलीला पर्याय म्हणून नको. आणि त्यांच्या वयामुळेच यंदाची फेरी पूर्ण रद्द करण्याच्याही मी विरोधात आहे. आंबे संपलेले असतील, पाऊस असेल, मुलांना घरात बसून आजोबांशी पत्ते खेळावे लागतील. माझ्या मते त्यात सासऱ्यांना सुखच आहे.

ऑगस्टची तिकिटं आणि तिथला खर्च धरून कमी पडतात २,४०० डॉलर. क्रेडिट कार्डवर नको. २२ टक्के व्याजाने महिना २०० फेडत गेलात तर जवळपास चौदा महिने लागतील आणि व्याजापोटी सुमारे ३३५ डॉलर जातील. त्याऐवजी ते पैसे इमर्जन्सी फंडातून उचला, ५२९ चा हप्ता सहा महिने थांबवा आणि ते ४०० दरमहा फंडात परत भरा. सहा महिन्यांत खड्डा भरतो. व्हर्जिनियात ५२९ मध्ये भरलेल्या रकमेवर खात्यामागे वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत राज्याच्या करात वजावट मिळते. ५.७५ टक्क्यांनी २,४०० वर १३८ डॉलरची करबचत यंदा हुकेल, आणि तेवढ्या पैशांची वाढ मागे पडेल. कॉलेजला सहा वर्षं असताना हे नुकसान सोसण्यासारखं आहे. अट एकच: सातव्या महिन्यापासून हप्ता पुन्हा आपोआप सुरू होईल अशी सोय आजच करून ठेवा.

इथेच वर्षभराच्या क्लबचा प्रश्न येतो. वर्षाला ३,२०० म्हणजे महिना २६७ डॉलर. यंदा त्याला हो म्हटलंत तर थांबवलेला ५२९ चा हप्ता पूर्ण सुरू होणार नाही, हे मी असंख्य घरांत बघते. स्कॉलरशिपच्या भरवशावर तर हा खर्च मुळीच करू नका. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या पातळीवर, पूर्ण संघासाठी मिळून मुलींच्या १४ आणि मुलांच्या ९.९ स्कॉलरशिप इतकीच मर्यादा होती, आणि कोच त्या अनेकांत वाटून द्यायचे. त्यानंतर नियम बदलले, पण त्यामुळे कॉलेजांकडे पोहण्यासाठी जास्त पैसे आले असं समजू नका. आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. मुलीला पोहणं आवडतं म्हणून क्लब, हे कारण मला पूर्ण मान्य आहे. फक्त ते ५२९ चा हप्ता पुन्हा सुरू झाल्यावर. मधल्या काळात हिवाळ्यात स्ट्रोक क्लिनिक (पोहण्याची पद्धत सुधारणारे छोटे वर्ग) असतात, ते क्लबपेक्षा खूप स्वस्त पडतात. नववीत गेल्यावर हायस्कूलचा संघही आहे.

तिकिटांबद्दल एक काळजी. जुलैच्या शेवटच्या शनिवारच्या आसपास डिव्हिजनल्स, म्हणजे लीगमधल्या आपापल्या डिव्हिजनच्या शेवटच्या स्पर्धा, होतात, आणि तिथल्या वेळांवरून प्रत्येक शर्यतीतले लीगभरातले सर्वात वेगवान अठरा जण पुढच्या शनिवारी ऑल स्टार्स या लीगच्या अंतिम स्पर्धेला जातात. मुलीची वेळ त्याच्या जवळपास आहे का, हे कोचना आत्ताच विचारा. असेल तर बेसिक इकॉनॉमी, म्हणजे सर्वात स्वस्त दर्जाचं तिकीट, घेऊ नका. थेट विमान कंपनीकडून, तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. तारीख बदलली तर भाड्यातला फरक भरावा लागेल, त्यासाठी ३०० डॉलर बाजूला ठेवा. ती निवडली गेली तर चौघांची तिकिटं हलवायची, की एका पालकाने तिच्यासोबत मागे राहायचं, हेही आधी तिच्यासमोर बोलून घ्या. जुलैअखेरीस भारताकडे जाणारी विमानं तुलनेने स्वस्त असतात, पण ऑगस्टच्या मध्यात अमेरिकेला परतणारी भरलेली आणि महाग. म्हणून परतीची तारीख आधी पक्की करा आणि त्यावरून मागे मोजत जा.

आणि सासूबाईंना फोन करून सांगा की यंदा जूनमध्ये येत नाही, ऑगस्टमध्ये येतोय, आणि पुढच्या जूनमध्ये पाच आठवडे राहणार आहोत. दोन्ही तारखा एकाच फोनमध्ये सांगा.